कॅलथियाची पानं करपतायत? आधी सांगा, पाणी कुठलं घालताय

या महिन्याच्या टपालात कॅलथिया आणि मरँटा, म्हणजे नक्षीदार पानांची ही घरात ठेवायची झाडंच जास्त. साहजिक आहे, पावसाळ्यात नर्सरीत ही झाडं इतकी देखणी दिसतात की माणूस मेथीचं बी आणायला जातो आणि पट्ट्यापट्ट्यांचं झाड घेऊन घरी येतो. दिवाळी उलटली, हवा कोरडी झाली की मग पत्रं सुरू. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, गुलाबवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, मी हौसेनं ऑर्बिफोलिया कॅलथिया घेतलं. पहिला महिना छान होतं, आता सगळ्या पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत झाल्यात. पाणी कमी पडतंय असं वाटून रोज घालते तरी वाढतच चाललंय. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे, आरओ मशीनचं जे पाणी बाहेर पडतं ते मी वाया घालवत नाही, सगळं कुंड्यांनाच देते. झाडाची जागा बदलू का?
— एक वाचक, वाघोली, पुणे

जागा राहू दे, आधी ते आरओचं बाहेर पडणारं पाणी बंद करा. पाणी वाचवायची तुमची सवय चांगली आहे पण हे पाणी या झाडाला चालत नाही. आरओ मशीन काय करतं, तुमच्या पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतं, म्हणजे त्या नळीतलं पाणी बोअरच्या पाण्याहून जास्त खारट. आधीच आपल्याकडे बोअरचं पाणी जड, कॅल्शियम मॅग्नेशियमनं भरलेलं, गीझरची कॉइल आणि बाथरूमचे नळ बघा म्हणजे कळेल, त्यात हे आणखी.

आता कडाच का करपतात ते सांगते. मुळं पाणी ओढतात, ते देठातून पानात आणि पानातून पार कडेपर्यंत जातं, तिथून पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कडेला साठत साठत जातात आणि शेवटी तिथल्या पेशी मरतात. ऑर्बिफोलियाचं पान एवढं मोठं आणि पातळ की सगळ्यात आधी त्यावरच दिसतं, तुमच्या मनीप्लँटला हेच पाणी घालून काही झालं नसेल. पान करपलं की आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आपण पाणी वाढवतो, आणि रोजच्या पाण्याबरोबर रोज थोडे क्षार कुंडीत घालत राहतो. मला येणाऱ्या करपलेल्या कॅलथियांच्या तक्रारींत पाणी किती घातलं यापेक्षा कुठलं घातलं हाच घोटाळा जास्त असतो आणि लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत.

मग घालायचं काय? पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, पहिला पाऊस जाऊ द्या, गच्ची धुऊन निघाली की मग बादल्या भरून झाकून ठेवा. ते संपलं की आरओचं पिण्याचं पाणी, हो, पिण्याचं, एका कुंडीला आठवड्याला लागून लागून किती लागणार. एसीच्या पाइपातून ठिबकतं ते पाणीही चालतं, ती हवेतलीच वाफ असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात, फक्त बादली स्वच्छ हवी आणि पाणी शिळं होऊ देऊ नका. महापालिकेचं नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून घालायची पद्धत आहे, त्यानं क्लोरीन उडतो हे बरोबर, पण क्षार उडत नाहीत, त्यामुळे बोअरचं पाणी आठ दिवस उघडं ठेवलं तरी ते बोअरचंच.

कुंडीत जे साठलंय तेही काढायला हवं. बाथरूममध्ये न्या, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट तिप्पट चांगलं पाणी हळूहळू ओता, खालून पूर्ण निथळू द्या. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरली असेल तर वरचा थर खरवडून टाका. करपलेल्या कडा परत हिरव्या होणार नाहीत, त्याची वाट बघू नका, कात्रीनं पानाच्या आकारानं कापा आणि अगदी बारीक तपकिरी रेघ राहू द्या, हिरव्यात कापलं तर तिथून पुन्हा सुकतं. नवीन पान कसं येतंय ते बघा, निकाल त्याच्यावर. आणि ते आरओवालं पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा, वाया जाणार नाही.

प्रश्न : नागपूरला कॅलथिया जगतं का हो? मे महिन्यात आमच्याकडे माणसं जगत नाहीत. मैत्रीण म्हणते रोज स्प्रे मार. आमच्या हॉलमध्ये कूलर असतो, त्यानं नुकसान होईल का?
— एक वाचक, नागपूर

जगतं, पण कुठलं घेताय त्यावर आहे. ही झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतली, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणारी. ऑर्बिफोलिया बोलिव्हियातलं, लांब पानांचं लॅन्सिफोलिया ब्राझीलमध्ये रिओच्या बाजूचं, झेब्रिनाही ब्राझीलच्या त्याच आग्नेय पट्ट्यातलं. तिथे वरून ऊन नाही, जोराचा वारा नाही, हवा कायम ओलसर. यांना साठ टक्क्यांच्या पुढे आर्द्रता मिळाली की ती खूश असतात आणि तुमच्याकडे मेमध्ये दुपारी ती वीसच्या आसपास येते.

कूलरची भीती घेऊ नका. एसी खोलीतली हवा कोरडी करतो, तुमचा विदर्भातला कूलर उलट ओली गवताची ताटी भिजवून दमट हवा आत ढकलतो, त्यामुळे कूलरची खोली ही मे महिन्यात नागपुरातली या झाडाची सगळ्यात चांगली खोली. फक्त थेट झोतात ठेवायचं नाही, कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला. झोतात ठेवलं तर पानं फडफडून फाटतात आणि नवीन पान, जे हळदीच्या पानासारखं सुरळी होऊन येतं, ते उलगडायच्या आतच सुकून चिकटून बसतं.

स्प्रेचं म्हणाल तर मैत्रिणीला वाईट वाटू नये पण त्याचा उपयोग फारसा नाही. पाणी पानावरून काही मिनिटांत उडतं, हवा परत होती तशी, आणि जड पाणी असेल तर पानावर पांढरे डाग तेवढे राहतात. ताटलीत गोटे आणि पाणी ठेवायचा उपायही असाच, थोडाफार. त्यापेक्षा चारपाच झाडं एकत्र दाटीनं ठेवा, एकमेकांच्या ओलाव्यावर राहतात. खिडकी असलेलं बाथरूम असेल तर तिथे ठेवा.

आणि घरात जुना फिश टँक पडलाय का? काढा तो माळ्यावरून. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते, १८२९ च्या सुमाराला त्यांनी एका किड्याचा कोष बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता, किडा बघायला, आणि त्या मातीतून नेच्याचं रोप उगवलं. बाहेर लंडनच्या धुरात त्यांचे नेचे मरत होते आणि बाटलीतला मजेत, कारण आतलं पाणी आतच फिरत होतं. त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या, त्या पेट्यांतून मग जहाजांवरून रोपं जगभर गेली. तेच करायचं, टँकच्या तळाशी गोटे, त्यावर कुंडी ठेवायची, वर काच पूर्ण बंद न करता थोडी फट. उन्हात मात्र ठेवू नका, आत झाड शिजेल.

निवड म्हणाल तर नागपूर, अकोला, जळगाव, सोलापूरवाल्यांनी ऑर्बिफोलिया आणि ते पांढऱ्या शिंतोड्यांचं व्हाइट फ्यूजन यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, पैसे जास्त आणि मनस्ताप त्याहून जास्त. लॅन्सिफोलिया घ्या, नाहीतर टेनँथे घ्या, ते याच कुळातलं पण बरंच चिवट. टेनँथेची एक जात तर ब्राझीलचे बागरचनाकार रॉबर्टो बर्ले मार्क्स यांच्या नावाची आहे, माशाच्या सांगाड्यासारखी नक्षी असते, बरीच नर्सरीवाली मंडळी ती कॅलथिया म्हणूनच विकतात. आणि यातलं काहीच करायचं नसेल तर सरळ ॲग्लोनेमा घ्या. नक्षी पाहिजे ना, त्यालाही आहे.

प्रश्न : काकू, माझं मरँटा पावसाळ्यात अचानक लोळलं. माती ओली आहे तरी पानं मलूल, खालची पिवळी. कुंडीभोवती बारीक चिलटं उडतात आणि मातीला कुबट वास येतोय. मी हॉस्टेलवर नाही, घरीच असते, रोज लक्ष देते.
— एक वाचक, डोंबिवली

अगं, रोज लक्ष देतेस तेच जरा जास्त झालंय. माती ओली आणि पानं मलूल म्हणजे मुळं कुजायला लागलीत, मुळंच नाहीत तर पाणी वर चढणार कसं. डोंबिवलीत जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की कुंडी आठ आठ दिवस सुकत नाही, तिथे उन्हाळ्याचं वेळापत्रक चालत नाही. बोट मातीत खुपसायचं, पहिलं पेर कोरडं लागलं तरच पाणी.

आत्ता झाड कुंडीतून काढ. मुळं पांढरी, कडक असतील ती चांगली, तपकिरी आणि दाबली की साल निघून येते ती गेलेली, ती कात्रीनं काढून टाक. बहुतेक तुला नर्सरीतली ती चिकट लाल माती दिसेल, गाडीत रोप हलू नये म्हणून बरी असते, घरी ती पावसात थापून बसते. नवीन मिश्रण कर, साधारण निम्मं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बाकीच्यात परलाइटचे हलके पांढरे खडे नाहीतर भाताचं तूस, मूठभर कोळशाचे तुकडे आणि थोडंसं गांडूळखत. कोकोपीट आधी दोनतीन पाण्यातून धुऊन घे, स्वस्तातल्या विटांमध्ये मीठ असतं. कुंडी मुळांच्या गड्ड्याहून जेमतेम मोठी घे, मोठ्या कुंडीत जास्त माती, जास्त माती म्हणजे जास्त दिवस ओल. चिलटांच्या अळ्या वरच्या ओल्या थरातच वाढतात, तो कोरडा राहिला की त्या आपोआप कमी होतात, दालचिनी हळद वगैरे टाकत बसू नकोस.

प्रश्न : सुनेनं आणलेल्या मरँटाची पानं संध्याकाळी उभी राहतात आणि सकाळी पुन्हा आडवी होतात. रोज होते. झाडास काही रोग आहे काय? सून म्हणते तुम्ही उगीच काळजी करता.
— एक वाचक, वय ७४, सांगली

काका, सूनबाई बरोबर आहेत, पण तुमचं निरीक्षण झकास आहे. देठ आणि पान जिथे जुळतं तिथे एक छोटी फुगीर गाठ दिसेल, बोटानं हात लावून बघा. त्या गाठीच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरतं आणि दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या होतात, त्यानं पान वर उचललं जातं, सकाळी उलट. आपल्याकडे टाकळा, चिंच, पर्जन्यवृक्ष हेही रात्री पानं मिटतातच, तुम्ही शेतावर पाहिलं असणार. गंमत म्हणजे हे नुसतं उजेड गेल्यामुळे होत नाही. दे मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७२९ मध्ये असंच पानं मिटणारं एक झाड पूर्ण अंधारात ठेवलं होतं, तरी ते आपल्या वेळेला उघडत मिटत राहिलं, झाडाच्या आतच घड्याळ आहे. म्हणून काळजी करायचीच तर ज्या दिवशी हलणं थांबेल त्या दिवशी करा. उजेड फार कमी पडला किंवा मुळं आजारी पडली की ही हालचाल मंदावते. आणि उपासाला जे आरारूट आणता ना, तेही याच मरँटाच्या एका भावाच्या कंदापासून निघतं, बाजारातलं प्रत्येक पाकीट मात्र खरं असेलच असं नाही.

प्रश्न : आमची मांजर कॅलथियाची पानं चावते. विषारी आहे का?
— एक वाचक, पणजी

नाही. कॅलथिया, मरँटा दोन्ही मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी नाहीत. जास्त खाल्लं तर ओकेल इतकंच. वर मी ॲग्लोनेमा घ्या म्हटलं ते मात्र तुमच्यासाठी नाही, त्यात आणि डिफेनबेकिया, कॅलेडियम, मनीप्लँट यांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तोंड सुजतं.

प्रश्न : नमस्कार. झेब्रिनाच्या पानांवर बारीक फिकट ठिपके पडलेत, मखमल गेली, खालच्या बाजूला कोळिष्टकासारखं काहीतरी आहे. बाबांकडे द्राक्षबागेचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक होतं ते मारलं, फरक नाही.
— एक वाचक, पिंपळगाव, जि. नाशिक

लाल कोळी. बाबांना हे नाव सांगा, ते ओळखतील, बागेतही येतोच. हा कीटक नाही, आठ पायांचा कोळ्याच्या जातीतला आहे, म्हणून इमिडाक्लोप्रिडनं मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि हा वाढतो. शिवाय बागेतली औषधं घराच्या आत मारू नका हो, घरात माणसं राहतात.

तुमच्याकडे थंडीत हवा कोरडी, आणि कोरडी हवा म्हणजे लाल कोळ्याची चैन. झाड आडवं करून नळाखाली पानांची खालची बाजू धुवा, बोटांनी हलकेच पुसत, निम्मा प्रश्न तिथेच वाहून जातो. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि दोनतीन थेंब भांड्यांचा लिक्विड सोप, नीट हलवून, संध्याकाळी. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा, झेब्रिनाच्या मखमली पानाला कधीकधी तेल सोसत नाही, तसं झालं तर नुसत्या साबणाच्या पाण्यावर भागवा आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा. अंडी एका फवाऱ्यात मरत नाहीत म्हणून दर आठवड्याला, निदान तीनचार वेळा. दुसऱ्या झाडांपासून दूर ठेवा. आणि नाशकात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा बाल्कनीतून आत घ्या, पंधराच्या खाली ही झाडं कुडकुडतात, पानं काळपट पडतात.

पान चमकावं म्हणून खोबरेल, दूध, अंड्यातलं पांढरं लावू का असं आणखी बऱ्याच जणांनी विचारलंय. नका लावू. ओल्या मऊ फडक्यानं पुसा, झालं.

प्रश्न : मावशी, मी कॅलथियाचं एक पान देठासकट पाण्यात ठेवलंय, दोन महिने झाले, हिरवं आहे पण मुळंच फुटत नाहीत. रील्समध्ये तर फुटतात.
— एक वाचक, रत्नागिरी

नाही फुटणार बाळा, रीलमधल्याचंही फुटलं नसणार. कॅलथियाचं खोड जमिनीखाली आडवं असतं, हळदीसारखं, आपण ज्याला देठ म्हणतो तो नुसता पानाचा देठ, त्याला डोळा नाही. कॅलथिया, केळ, आलं, हळद, कर्दळ ही सगळी एकमेकांची नातलग आणि सगळ्यांची रीत तीच, गड्डा फोडून लावायचा. पावसाच्या सुरुवातीला कुंडीतून काढ, माती झटक, प्रत्येक भागाला मुळं आणि निदान दोनतीन पानं येतील असे वेगळे कर, ओढून तोडू नकोस, गुंता पाण्यात सोडव. रत्नागिरीच्या हवेत ती पटकन धरतील, तुमच्याकडे या झाडांचं माहेर आहे म्हणायला हरकत नाही. मरँटाचं मात्र वेगळं, ते पसरतं, त्याच्या खोडाला पेरं असतात, पेराच्या खाली कापून पाण्यात ठेवलं तर मुळं येतात. रीलवाल्यांनी तेच दाखवलं असणार आणि नाव कॅलथियाचं दिलं असणार.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या कॅलथिया मकोयानाच्या लेबलवर गोपर्शिया मकोयाना लिहिलंय. दुसरंच झाड पाठवलं का? आणि तिथेच निळ्या जांभळ्या कॅलथियाच्या बिया शंभर रुपयांना दिसतात, घेऊ का?
— एक वाचक, कोल्हापूर

झाड तेच आहे. २०१२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकं तपासून कॅलथियातल्या बऱ्याच जाती गोपर्शिया या गटात हलवल्या, ऑर्बिफोलिया, झेब्रिना, मकोयाना सगळ्या तिकडे गेल्या, नर्सरीवाल्यांनी आणि आपण मात्र जुनं नाव सोडलेलं नाही. उलट लेबलवर नवं नाव लिहिणारा विक्रेता जरा अभ्यासू समजा.

बिया घेऊ नका. निळी कॅलथिया नसते, ते फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेले असतात आणि पाकिटात काय निघेल सांगता येत नाही. शंभर रुपयांत पुण्याजवळ उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत किंवा तुमच्याच गावच्या नर्सरीत छोटं रोप मिळतं का बघा. घेताना पान उलटून बघा कोळी आहे का ते, कुंडी उचलून भोकातून मुळं बघा, आणि मधोमध एक तरी नवीन सुरळी आहे ना ते बघा, नसेल तर शेजारचं उचला. घरी आणल्यावर पंधरा दिवस कुंडी बदलू नका, खत घालू नका, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून दोनतीन फुटांवर ठेवा. एखाददुसरं जुनं पान पिवळं पडेल. ते बहुतेक हिरव्या शेडनेटखाली, धुक्यासारखे तुषार सोडणारे फॉगर लावलेल्या पॉलीहाऊसमध्ये वाढलेलं असतं, ट्रकनं लांबून आलेलं असतं, त्याला तुमच्या घरच्या हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. खत द्यायचंच तर महिन्याभरानं, एकोणीस एकोणीस एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको.